कुंडलिका नदीवर एक दिवसाचे राफ्टिंग : बावीस जणांच्या गटासाठी मार्गदर्शन हवे आहे

अश्विनी_नक्षत्र (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या इमारतीतील बावीस जण नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी पुण्याहून कोलाडला जाऊन कुंडलिका नदीवर राफ्टिंग करण्याचा विचार करत आहोत. गटात सर्वांत लहान माझा अकरा वर्षांचा पुतण्या आहे, त्याची बहीण पंधरा वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणजे शेजारच्या त्रेसष्ट वर्षांच्या काकू, ज्यांना ही कल्पना मुळात सुचली. पोहता येणारे मोजून पाच जण आहेत. सर्व ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली असल्यामुळे मला थोडी धास्ती वाटते आणि म्हणून येथे विचारत आहे.

माझी अडचण अशी की, मी ज्या तीन-चार आयोजकांशी बोलले, त्यांनी प्रत्येकाने आधी ‘नदी अगदी शांत आहे, काळजी करू नका’ असे सांगितले आणि पुढच्याच वाक्यात थरार किती मिळेल याचे वर्णन केले. या दोन्ही गोष्टी एकाच नदीबद्दल खऱ्या कशा असतील? पोहता न येणाऱ्या सतरा जणांना मी निर्धास्तपणे नेऊ शकते का? सोबत येणारा मार्गदर्शक चांगला आहे की नाही, हे आमच्यासारख्या अनभिज्ञ माणसांनी आधी कसे ओळखावे? आणि ‘पाणी सोडल्यावर सुरू होईल’ असे सर्व जण म्हणतात, ते पाणी रविवारी नक्की सोडतात का?

जाहिरातींची दृश्ये पाहून समाधान होत नाही. ज्यांनी स्वतः ही नदी अनुभवली आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

---

वल्हेकरी

अश्विनीताई, मी काही वर्षे गंगेवर हृषीकेशला आणि नंतर कोलाडला राफ्ट मार्गदर्शक म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आयोजकांची दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती नदीच्या वेगवेगळ्या भागांविषयी आहेत. वाहत्या पाण्याची अवघडता जगभर एक ते सहा अशा श्रेण्यांत मोजतात. पहिल्या श्रेणीत पाणी नुसते वाहते आणि लहान तरंग असतात, तर सहाव्या श्रेणीच्या पाण्यात निष्णात माणसेही सहसा उतरत नाहीत. कुंडलिकेचा राफ्टिंगचा टप्पा दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत धरला जातो. साजे गावापाशी राफ्ट पाण्यात उतरतात आणि साधारण बारा-चौदा किलोमीटर खाली कामथ गावाजवळ बाहेर काढतात. सुरुवातीच्या भागात उसळत्या पाण्याचे टप्पे, ज्यांना आम्ही रॅपिड म्हणतो, ते एकामागून एक लागतात आणि अंगावर भरपूर पाणी येते. पुढे नदी संथ होत जाते, दोन्ही काठांची झाडी दिसू लागते आणि वल्ही थांबवून गप्पा मारता येतात. एकूण दोन ते अडीच तास लागतात. शांत म्हणणारा खालचा भाग डोळ्यांपुढे ठेवतो आणि थरार म्हणणारा वरचा. तुमच्या गटासाठी ही नदी योग्य आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र तिसरी श्रेणी म्हणजे तलावातली नौकाफेरी नव्हे, हे सर्वांना निघण्यापूर्वी सांगावे.

आता पोहण्याबद्दल. पोहता येणे ही राफ्टिंगची अट नाही आणि खरे सांगायचे तर उसळत्या पाण्यात पोहण्याच्या तलावावरचे कौशल्य फारसे उपयोगीही पडत नाही. तेथे माणसाला तरंगत ठेवते ते लाइफ जॅकेट, आणि ते तेव्हाच, जेव्हा ते अंगाला घट्ट बसलेले असते. जॅकेट घालून सर्व पट्टे आवळल्यानंतर दुसऱ्या माणसाने खांद्यांवरचे पट्टे धरून ते जोरात वर ओढून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तर ते मापाचे नाही किंवा पट्टे सैल आहेत. किनाऱ्यावर आवळलेला पट्टा पाण्यात भिजल्यावर पुन्हा ढिला होतो, म्हणून चांगला मार्गदर्शक पहिल्या रॅपिडच्या आधी एकदा पुन्हा सर्वांचे पट्टे तपासतो.

पाण्यात पडल्यास काय करायचे, हे एकच शिक्षण घरून घेऊन या, असे मी प्रत्येक गटाला सांगत असे. पाठीवर पडून राहायचे, चेहरा आकाशाकडे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पावले पाण्याच्या वर दिसतील अशी. समोर खडक आला तर पायांनी त्याला रेटता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभे राहायचे नाही. तळाला पाय टेकतोय असे वाटले की प्रत्येकाला उभे राहण्याचा मोह होतो, आणि नेमका त्याच वेळी पाय दोन दगडांच्या फटीत अडकून वरून येणारे पाणी माणसाला पुढे ढकलते. कंबरभर पाण्यात धोका याच कारणाने असतो. मदतीसाठी दोर फेकला गेला तर तो मनगटाला गुंडाळू नये. दोन्ही हातांनी छातीशी धरून, खांद्यावरून घेऊन पाठीवर पडून राहावे, म्हणजे काठावरचा माणूस ओढून घेतो.

राफ्टविषयीही थोडे सांगतो, कारण ‘रबराची होडी फुटली तर?’ हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. राफ्टमध्ये हवेचे अनेक स्वतंत्र कप्पे असतात, त्यामुळे एखाद्या कप्प्याची हवा गेली तरी राफ्ट बुडत नाही, आणि तळाच्या कडेने असलेल्या छिद्रांतून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. बसायचे असते ते बाहेरच्या फुगीर कडेवर, आत खाली नव्हे, आणि पावले आडव्या नळीखाली किंवा पावलांसाठी असलेल्या पट्ट्यांत रोवायची असतात. आठ जण आणि एक मार्गदर्शक ही मला योग्य संख्या वाटते, म्हणजे तुम्हाला तीन राफ्ट लागतील. पुढे बसणाऱ्या दोघांच्या लयीवर बाकीच्यांनी वल्हे मारायचे असते, म्हणून दोन दणकट आणि ऐकणारी माणसे पुढे बसवा. मागे मार्गदर्शक सुकाणू सांभाळतो. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ आणि ‘गेट डाऊन’ या आज्ञा इंग्रजीतच देतात. काठावर त्यांचा दोन वेळा सराव केला की पाण्याच्या आवाजातही त्या नीट कळतात.

मार्गदर्शक ओळखायचा कसा, हा तुमचा खरा प्रश्न. फोनवर दर विचारण्याआधी मी पुढील गोष्टी विचारीन. राफ्टच्या सोबत बचावासाठी एखादा कयाकपटू, म्हणजे एकट्याने चालवायच्या छोट्या होडीतला माणूस, असतो का, आणि तो पुढे जाऊन थांबतो का? एका राफ्टमध्ये किती जण बसवता? प्रत्येक राफ्टमध्ये फेकायचा दोर आणि प्रथमोपचाराची पेटी असते का? मार्गदर्शकाने बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोठे घेतले आहे? राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणीचा कागद दाखवायला सांगण्यात संकोच बाळगू नये. शेवटचा प्रश्न मुद्दाम असा विचारावा : पाणी आले नाही किंवा फार आले, तर काय कराल? ‘फेरी रद्द करू, पैसे परत देऊ किंवा दुसरी तारीख देऊ’ असे जो विनासायास सांगतो, तो माझ्या दृष्टीने विश्वासाचा. ‘पाणी येतेच हो, काळजी नको’ असे म्हणणाऱ्याकडे मी माझी माणसे देणार नाही.

पाणी सोडण्याबद्दल येथील स्थानिक मंडळी अधिक नेमके सांगतील.

---

रोहेकर

वल्हेकरी यांनी पाण्याचा विषय आमच्यावर सोपवला, म्हणून लिहीत आहे. माझे सारे आयुष्य रोहे तालुक्यात गेले आहे आणि कुंडलिका ही आमच्या घरची नदी आहे.

अश्विनीताई, तुम्ही पुण्याहून येणार म्हणजे पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, सुतारवाडी या वाटेने याल. मुळशीच्या तलावाच्या काठाने गाडी जाईल तेव्हा दोन मिनिटे थांबून ते पाणी सर्वांना दाखवा, कारण तुमची राफ्ट ज्यावर तरंगणार आहे ते पाणी मोठ्या प्रमाणात तेच आहे. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी आपल्या नैसर्गिक वाटेने पूर्वेला जाऊन भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळाले असते. मुळशीच्या धरणात ते अडवून, बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्यापर्यंत आणून आणि तेथून मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून त्यावर भिऱ्याला वीज तयार केली जाते. टाटांचे हे वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. विजेसाठी वापरून झालेले पाणी कुंडलिकेत येते आणि आमची नदी ते घेऊन रेवदंडा-कोर्लईपाशी अरबी समुद्राला जाते. एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्राला जाते ते असे.

म्हणून ही नदी पावसावर कमी आणि विजेच्या मागणीवर अधिक चालते. वीजनिर्मिती सुरू झाली की खाली पाणी वाढते आणि थांबली की उतरते. महाराष्ट्रातील बहुतेक पावसाळी नद्या दिवाळीनंतर खडकांतून रेंगाळत असतात, आणि तेव्हाही कुंडलिकेवर राफ्ट चालू शकतात याचे कारण हेच आहे. सामान्यतः सकाळी पाणी येते आणि म्हणूनच आयोजक तुम्हाला साडेआठच्या सुमारास हजर राहायला सांगतात, परंतु नेमकी वेळ ही आयोजकांच्या हातची नसते. रविवारीही फेऱ्या होतात. तरीही आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ पक्की करून घ्या, आणि सकाळी येऊन तासभर थांबावे लागले तर मार्गदर्शकावर रागावू नका. तोही त्याच पाण्याची वाट पाहत असतो.

नोव्हेंबर तुम्ही योग्य निवडला आहे. पावसाळ्यात सोडलेल्या पाण्यात डोंगरावरच्या ओढ्यांचे गढूळ पाणी मिसळते, प्रवाह कोणत्या क्षणी किती वाढेल याचा अंदाज कठीण होतो आणि वाहून आलेली झाडे काठाच्या वळणांवर अडकलेली असतात. थरार शोधणारे तेव्हाच येतात. लहान मुले आणि ज्येष्ठ माणसे असलेल्या गटाला पाऊस संपल्यानंतरची नदी बरी, कारण तेव्हा पाणी स्वच्छ असते आणि त्याची पातळी बरीच स्थिर राहते.

एक गोष्ट मनात आहे ती सांगतो, विषयाला सोडून नाही. मुळशीचे धरण बांधताना मावळातील अनेक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झालेच. त्या पाण्यावर आज मुंबईचे दिवे लागले, पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावरून आमच्या शेतांना कालव्याचे पाणी मिळाले आणि आता आमच्या मुलांना राफ्टवर रोजगारही मिळतो. या लाभासाठी घाटावरच्या लोकांनी काय सोसले, हे तुमच्या गटातील पंधरा वर्षांच्या मुलीला मुळशीच्या काठावर उभे राहून कोणी सांगितले, तर मला आनंद होईल.

आणि एक विनंती. साजे, कामथ आणि मधल्या गावांच्या बायाबापड्या याच नदीवर कपडे धुतात, गुरे पाण्यावर येतात. त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत आणि खाण्याच्या पिशव्या, बाटल्या काठावर टाकू नयेत. मार्गदर्शक गावातला मुलगा असेल तर तो स्वतःच हे सांगेल. असा मार्गदर्शक मिळाला तर त्यालाच प्राधान्य द्या, कारण कोणत्या खडकाच्या मागे पाणी कसे वळते हे त्याला लहानपणापासून माहीत असते.

---

भटकंती_ठाणे

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. जॅकेटचा मुद्दा केवळ सांगण्यापुरता नाही, हे स्वतःच्या अनुभवावरून नोंदवतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यालयातील मित्र एका नदीवर गेलो होतो. आयोजकाने घाईघाईने एका राफ्टमध्ये अकरा जण बसवले आणि जॅकेटे एका ढिगातून ज्याला जे हाताला लागेल ते घ्या असे सांगितले. माझा धाकटा भाऊ अंगाने किरकोळ आहे. त्याला मोठ्या मापाचे जॅकेट आले, त्याची एक कडी तुटलेली होती आणि ते कोणी पाहिले नाही. रॅपिड सर्व व्यवस्थित पार पडले. पुढे संथ पाण्यात मार्गदर्शकाने ‘ज्यांना पाण्यात उतरायचे आहे त्यांनी उतरा’ असे सांगितले आणि भाऊ उत्साहाने उडी मारून उतरला. पाण्यात पडताच जॅकेट वर सरकले आणि त्याचे नाक-तोंड त्याच्या आत गेले. तो हातांनी जॅकेट खाली ओढत राहिला आणि घाबरून पाणी प्यायला. शेजारच्या राफ्टमधील एका मार्गदर्शकाने त्याचे खांद्याचे पट्टे धरून त्याला एका झटक्यात वर ओढून घेतले. सारा प्रकार मिनिटभराचा असेल. भावाला काही इजा झाली नाही, परंतु त्यानंतर तो कधीही नदीत उतरलेला नाही आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण पाण्याची सर्वाधिक आवड त्यालाच होती.

म्हणून ताई, लक्षात ठेवा की आमच्या बाबतीत चूक उसळत्या पाण्यात झाली नाही, ती संथ पाण्यात उघडी पडली. सगळे जण सैलावतात ते तेथेच. तुमच्या गटातील प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे तुम्ही स्वतः, दुसऱ्या एकाला सोबत घेऊन, ओढून पाहा. मार्गदर्शकाला त्याचा राग येणार नाही, आणि आला तर ती राफ्ट सोडून द्या.

---

अश्विनी_नक्षत्र

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. मुळशीच्या पाण्याची वाट मला इतकी वर्षे पुण्यात राहूनही ठाऊक नव्हती.

आणखी दोन शंका आहेत. एका आयोजकाने चौदा वर्षांखालील मुलांना घेत नाही असे सांगितले, दुसरा पुतण्याला न्यायला तयार आहे. पुतण्याने फार हट्ट धरला आहे. आणि काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तब्येत उत्तम आहे, रोज तासभर चालतात, परंतु दोन वर्षांपूर्वी त्यांचे मणक्याचे दुखणे झाले होते. त्यांना कसे सांगावे हे कळत नाही, कारण त्यांना न्यायचे नाही असे ठरवणे मला जड जाते.

---

निरामय

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि दोन वेळा कुंडलिकेवर गेले आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

अकरा वर्षांच्या मुलाला नेऊ नका. चौदा वर्षांची अट बहुतेक जबाबदार आयोजक पाळतात आणि तिच्यामागे कारण आहे. एवढ्या मुलाचे पाय राफ्टमध्ये नीट रोवले जात नाहीत, मोठ्यांच्या मापाचे जॅकेट त्याला बसत नाही आणि घाबरल्यावर सूचना आठवणे त्याला कठीण जाते. जो दुसरा आयोजक त्याला न्यायला तयार आहे, तो याच कारणासाठी माझ्या यादीतून बाद होईल. मुलाचा हट्ट खरा आहे, त्याची समजूत काढण्यासाठी काहीतरी खरे काम त्याला द्यावे. काठावरून वेळा लिहिणे किंवा शेवटच्या ठिकाणी सर्वांच्या कोरड्या कपड्यांची पिशवी सांभाळणे, असे काही.

काकूंच्या बाबतीत वयाच्या आकड्यापेक्षा प्रकृती महत्त्वाची आहे, तरी काही आयोजक साठ वर्षांची मर्यादा ठेवतात. ती असेल तर तिच्याशी वाद घालू नये. गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब हा स्वतःहून अडथळा नाही, परंतु त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मला अधिक काळजी वाटते ती मणक्याची. राफ्ट लाटेवरून खाली आपटते तेव्हा बसलेल्या माणसाच्या कण्याला सरळ वरून धक्का बसतो, आणि पाण्यात पडल्यास वर ओढून घेताना कंबर जोरात वळते. हृदयविकार, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण असलेल्यांनी तर कोणत्याही परिस्थितीत उतरू नये. दम्याचे रुग्ण असतील तर त्यांचा पंप प्लास्टिकच्या बंद पिशवीत मार्गदर्शकाकडे द्यावा आणि त्याला तसे सांगावे.

या खेळात मी पाहिलेल्या जखमा बहुतेक दातांच्या आणि ओठांच्या आहेत, आणि त्या खडकामुळे झालेल्या नाहीत. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते. राफ्ट उसळली की हातातून सुटलेली ती मूठ शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. एक हात सदैव त्या मुठीवर झाकलेला ठेवायचा, हा नियम सर्वांनी निघण्याच्या आधीच अंगवळणी पाडावा. मंगळसूत्र, मोठी कर्णफुले आणि अंगठ्या घरी ठेवाव्यात. चष्मा असल्यास तो डोक्यामागून दोरीने बांधावा. सुती कपडे आणि विशेषतः जीन्स भिजल्यावर जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. त्यापेक्षा खेळाचे पातळ कपडे आणि मागून पट्टा असलेली सँडल बरी. स्लीपर पहिल्याच लाटेत जाते.

शेवटी, पायाला खरचटले असेल तर नदीतून बाहेर आल्यावर साबणाने धुऊन जखम स्वच्छ करावी. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होऊ शकणाऱ्या तापाचे, रुग्ण पावसाळ्यात अधिक असतात, नोव्हेंबरमध्ये धोका कमी. तरीही पुढील दोन-तीन आठवड्यांत कोणाला जोराचा ताप आणि पोटऱ्यांत वेदना झाल्यास डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगावे.

---

वल्हेकरी

निरामय यांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. एकच भर : काकूंना घरी ठेवू नका. कामथच्या बाजूला, राफ्ट बाहेर काढतात तेथे, त्यांना आणि मुलाला गाडीने आधी न्या. तीन राफ्ट वळणावरून एकामागून एक येताना काठावरून पाहणे हा माझ्या मते या सहलीचा सर्वांत सुंदर क्षण आहे, आणि राफ्टमध्ये बसलेल्यांना तो कधीच दिसत नाही.

---

अश्विनी_नक्षत्र

आम्ही जाऊन आलो. उशीर झाला, तरी सविस्तर लिहिण्याचे वचन पाळत आहे.

पहाटे पाच वाजता निघालो. मुळशीला थांबलो, धुके पाण्यावरून सरकत होते. पुतणीने सत्याग्रहाबद्दल इतके प्रश्न विचारले की आम्हा मोठ्यांना अर्ध्यांची उत्तरे देता आली नाहीत. आयोजक निवडताना मी वल्हेकरी यांचे सर्व प्रश्न एका कागदावर लिहून विचारले. चार जणांपैकी दोघांनी नोंदणीविषयी टाळाटाळ केली आणि एकाने दहा जण बसवू म्हटले, त्यामुळे निवड सोपी झाली. आमचे तिन्ही मार्गदर्शक परिसरातील गावांचे होते. त्यांनी काठावर अर्धा तास सूचना दिल्या आणि जमिनीवर ठेवलेल्या राफ्टमध्ये बसवून सराव करून घेतला. मी जॅकेटे ओढून पाहू लागले तेव्हा त्यांच्यातील सर्वांत अनुभवी मार्गदर्शक स्वतः माझ्यासोबत आला. वीस जणांपैकी तिघांची जॅकेटे बदलावी लागली.

पाणी साडेनऊच्या पुढे आले. साजेला आम्ही पोहोचलो तेव्हा नदीत इतके खडक उघडे होते की ही फेरी होणार नाही असेच मला वाटले. मग आवाज आधी आला आणि पाठोपाठ खडक एकेक करून दिसेनासे झाले. तो बदल पाहताना मला रोहेकरांचे सर्व लिहिणे डोळ्यांपुढे आले.

पहिल्या रॅपिडमध्ये आमच्या राफ्टमधील आमच्या इमारतीचे सचिव पाण्यात पडले. त्यांना पोहता येत नाही. बाहेर काढल्यावर त्यांनी सांगितले की पडल्यानंतर त्यांना फक्त ‘पाय वर, आकाशाकडे पाहा’ एवढेच आठवले आणि ते तसेच पडून राहिले. कयाकवरचा मुलगा त्यांच्यापाशी पोहोचेपर्यंत दहा-पंधरा सेकंद गेली असतील. त्यांनी नंतर संपूर्ण वाट आनंदाने वल्हे मारले. संथ भागात मार्गदर्शकांनी पाण्यात उतरण्याची परवानगी दिली, ती पुन्हा पट्टे आवळून आणि एका वेळी तिघांनाच, राफ्टच्या दोरीला धरून. मीही उतरले. पाण्यावर पाठीवर पडल्यावर कानांत नदीचा एक खोल आवाज ऐकू येतो, तो मला अजून आठवतो.

काकूंनी डॉक्टरांचा सल्ला ऐकून स्वतःच काठावर थांबायचे ठरवले. पुतण्याने तीन राफ्ट कोणत्या वेळी वळणावर आल्या ते वहीत लिहिले आहे आणि काकूंनी त्याला राफ्टची चित्रे काढून दिली आहेत. चौदा वर्षे पूर्ण होण्याची तारीखही त्याने त्याच पानावर लिहिली आहे.

आता रोहेकर यांना एक प्रश्न. जेवण करून दुपारी आम्ही परत काठावर गेलो, तेव्हा पाणी उतरले होते आणि खडकांवर साधारण माझ्या गुडघ्यापर्यंत एक ओला, काळसर पट्टा दिसत होता, वरचा दगड मात्र कोरडा आणि फिका होता. आमच्यातील काही जण त्याच खडकांवर बसले, तेव्हा गावातल्या एका आजींनी लांबून हात करून आम्हाला वर यायला सांगितले. आम्ही लगेच वर आलो, पण कारण विचारायचे राहिले.

---

रोहेकर

ताई, सहल नीट पार पडली हे वाचून फार बरे वाटले.

तो काळा पट्टा म्हणजे सोडलेल्या पाण्याची रोजची उंची. पाणी तेथपर्यंत चढते आणि उतरते, त्यामुळे त्या भागावर शेवाळ धरते व दगड कधी पूर्ण वाळत नाही. वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली की पाणी दुपारी किंवा संध्याकाळीही येऊ शकते, आणि त्या वेळी आकाश निरभ्र असते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पाणी वाढेल अशी शंकाही येत नाही. मधल्या खडकावर बसलेल्या माणसाच्या मागची वाट आधी भरते आणि मग तो खडक. आमच्या गावांत मुलांना लहानपणीच सांगतात की बसायचे, जेवायचे, कपडे वाळत घालायचे ते फिक्या दगडावर. आजींनी तुम्हाला तेच सांगितले. पुढच्या वेळी आलात तर त्यांच्या घरी चहाला थांबा, वाटेवरचेच घर असेल.